पडद्यावर तिच्या फंक्शनचं नाव

त्या राईस मिलचा सॉर्टर माझ्यामुळे बंद पडला होता. माझ्या सहकारी मॅडमनी लिहिलेल्या भागात काहीही चूक नव्हती. हे मला त्याच आठवड्यात कळलं, आणि मी गप्प बसलो. सांगायचं ते एवढंच आहे. पण हे कसं झालं ते सांगितल्याशिवाय गप्प बसण्याचं वजन कळणार नाही, म्हणून लिहितो आहे.

गोंदियाच्या बाहेर एका खासगी इंजिनिअरिंग कॉलेजात मी संगणक शिकवतो. १९९९ साली लागलो. तेव्हा आमच्या लॅबमध्ये निम्मे डबे बंद असायचे आणि उरलेल्यांची वीज जायची. इंटरनेट टेलिफोनच्या तारेतून यायचं, तेही प्राचार्यांच्या केबिनमधला फोन कोणी उचलेपर्यंत. त्या दिवसांत मला प्रोग्रामिंगच्या फंक्शनल भाषांचा नाद लागला. साध्या भाषेत प्रोग्राम लिहिणं म्हणजे पाटीवर लिहायचं, पुसायचं, त्याच जागी पुन्हा लिहायचं. कोणी काय केव्हा पुसलं याचा पत्ता लागत नाही, आणि बहुतेक चुका त्या पुसण्यातच होतात. फंक्शनल भाषेत पुसणं नाही. एका नावाला जी किंमत दिली ती दिली. नवी हवी तर नवी घ्यायची. मला हे इतकं पटलं, की या भाषेत नीट लिहिलेल्या प्रोग्रामात चूक राहूच शकत नाही, असं मी वर्गात बोलायला लागलो. पस्तिशीकडे जाताना माणूस धरायला काहीतरी शोधतो. काही जण महाराज धरतात. मी भाषा धरली.

मॅडम आमच्याकडे नंतर आल्या. माझ्याहून लहान, वर्षाच्या करारावर. दरेकसाकडच्या शेतकरी घरच्या, रोज पॅसेंजरने यायच्या. गाडी उशिरा आली की वर्गात शिरतानाच पोरांना म्हणायच्या, "मी उशिरा आले म्हणून खूश होऊ नका, तास पूर्ण घेते." कॉलेजात त्या पुस्तकी मराठी बोलत, घरची बोली फक्त फोनवर, आईशी. यंत्राच्या पोटात शिरून काम करायची त्यांना आवड होती. मी वर्गात भाषेचं सौंदर्य सांगायचो, त्या लॅबमध्ये स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसायच्या. पुढच्या वर्षी एक कायम जागा निघणार होती आणि ती त्यांना मिळेल, असं सगळेच धरून चालले होते.

२००६-०७ च्या सुमाराला एका राईस मिलचे शेठजी प्राचार्यांकडे आले. त्यांच्या मिलमध्ये बाहेरून आणलेला एक जुना सॉर्टर होता. तांदळातले काळे, पिवळे दाणे वेगळे करणारं यंत्र. तांदूळ वरून घसरत येतो, यंत्राचा डोळा त्याला पाहतो, आणि खराब दाणा समोर आला की बारीक नळीतून हवेचा फटका बसून तो बाजूला उडतो. या यंत्राचा मेंदू जळला होता आणि बनवणाऱ्यांनी ते मॉडेल कधीच बंद केलं होतं. शेठजी म्हणाले, "इतना बड़ा कॉलेज है आपका, एक डिब्बा नहीं बना सकते?" प्राचार्यांनी आम्हा दोघांकडे पाहिलं.

डबा म्हणजे साधा पीसी आणि त्यात सॉर्टरच्या तारा जोडायचं एक कार्ड. अडचण वेळेची होती. दाणा डोळ्यासमोरून गेला की पापणी लवायच्या आत हवा सुटली पाहिजे. साधा प्रोग्राम यंत्रात आपली पाळी येईपर्यंत थांबतो, तोवर दाणा खाली पोत्यात. म्हणून काम कर्नेलमध्ये करायचं ठरलं. कर्नेल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. तिथला कोड कोणासाठी थांबत नाही. प्राचार्यांना हे समजावलं तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे फौजेतल्या कर्नलसारखा?" मॅडम म्हणाल्या, "हो सर, फक्त याला पेन्शन नाही."

कार्डाशी बोलणारा भाग, म्हणजे ड्रायव्हर, मॅडम लिहिणार होत्या. डोळ्याने जे पाहिलं ते उचलून बफर नावाच्या जागेत ठेवायचं, हवेच्या नळ्यांना हुकूम द्यायचा. मधला निर्णय, कोणता दाणा खराब आणि कोणती नळी केव्हा सोडायची, तो माझ्याकडे होता. मी म्हणालो, तो मी फंक्शनल भाषेत लिहिणार, आणि तोही कर्नेलच्या आतच चालवणार.

मॅडमनी विरोध केला. "सर, बाहेर प्रत्येक प्रोग्रामला आपली खोली असते, मध्ये भिंत असते. कर्नेलमध्ये सगळे एकाच खोलीत राहतात. तुमची ती भाषा मोठ्या घरात वाढलेली. ती इथे कशी राहणार?"

"राहील. मी शिकवतो तिला."

"सूनबाई आहे का ती?"

मी हसलो, पण ठरवलेलं बदललं नाही. कारण वेगळं होतं. कर्नेलमध्ये फंक्शनल भाषा चालवून दाखवली, यावर मला एक शोधनिबंध लिहायचा होता. त्याचा सारांश पाठवूनही झाला होता. त्यात एक वाक्य होतं की या पद्धतीमुळे चुकांचा एक संपूर्ण प्रकारच नाहीसा होतो. त्या वाक्यावर माझी बढती उभी होती, आणि बढतीहून जास्त माझा अहंकार.

काम अवघड होतं, आणि ते करताना मी सुखात होतो हेही कबूल करतो. या भाषेला लागणारी तयार कोडची नेहमीची ग्रंथालयं कर्नेलमध्ये नसतात. दशांश चिन्हाचे आकडे वापरता येत नाहीत. आणि पुसायचं नसल्यामुळे या भाषेत जुन्या किमतींचा कचरा साठतो. तो उचलणारा एक झाडूवाला भाषेसोबत असतो. तो झाडू मारतो तोवर बाकीचं घर थांबतं. कर्नेलमध्ये थांबणं परवडत नाही. म्हणून मी त्याला काढून टाकलं आणि दाण्यांची एक खेप संपली की सगळी जागा एकदम मोकळी करायची, अशी सोय केली. भाषेचं भाषांतर सी भाषेत होऊन ते कर्नेलला जोडलं जाई. पहिल्यांदा ते जोडलं गेलं आणि यंत्र पडलं नाही, तेव्हा मी लॅबच्या शिपायालाही चहा पाजला.

आता चुकीबद्दल. माझं गाव इटियाडोहच्या कालव्याखालचं. आमच्याकडे पाण्याची पाळी टेलपासून लागायची. कालव्याच्या शेवटच्या शेताला आधी पाणी, मग त्याच्या वरच्याला, असं करत शेवटी तोंडाशी असणाऱ्याला. तोंडावाल्याने आधी घेतलं तर टेलला थेंब पोचत नाही, हे पाहतच मी मोठा झालो. खराब दाण्यांची यादी सोडवणारं माझं फंक्शन, म्हणजे प्रोग्रामाचा तो तुकडा, मी तसंच लिहिलं. पहिल्या दाण्याचा निर्णय राखून ठेव, आधी उरलेल्यांचं बघ. त्यांतल्या पहिल्याचा राखून ठेव, त्याच्या पुढच्यांचं बघ. टेलला पोच, आणि मग निकाल घेत घेत मागे ये. चार ओळींचं फंक्शन. मला ते फार देखणं वाटायचं.

मॅडमनी ते वाचून विचारलं होतं, "सर, हे किती खोल जातं?"

"यादी छोटीच असते. एका खेपेत खराब दाणे असून असून किती असणार?"

"धानावर आहे ते."

राखून ठेवलेला प्रत्येक निर्णय स्टॅक नावाच्या जागेत साठतो. बाहेरच्या प्रोग्रामला ती जागा गोदामाएवढी मिळते. कर्नेलमध्ये मिळते फळीएवढी. आणि फळी भरली तर कोणी ओरडत नाही. पुढचा निर्णय फळीच्या पलीकडे, दुसऱ्या कोणाच्या तरी सामानावर जाऊन पडतो. कालव्याला पाळ असते. या फळीला पाळ नव्हती, आणि मला ते पुस्तकातून माहीत होतं.

डबा मिलमध्ये बसला. चांगला चालला. शेठजींनी पेढे वाटले. मिस्त्री, म्हणजे सॉर्टर चालवणारा मिलचा माणूस, मॅडमना म्हणाला, "मॅडम, तुमचा डब्बा त माह्या बायकोपेक्षा सुदा बारीक नजरेचा हाय जी."

त्या वर्षी दिवाळीच्या आसपास, धान कापून शेतात पडलेलं असताना अवकाळी पाऊस झाला. धान भिजलं, दाणा काळा-पिवळा पडला. आमच्याकडे अशा धानाला पाखड म्हणतात. ते सगळं भरडाईला मिलांमध्ये आलं. सॉर्टरवर इतके खराब दाणे कधी आलेच नव्हते, आणि माझी यादी लांब होत गेली.

दुपारी मिस्त्रीचा फोन आला. "सर, डब्बा सुन्न पडला जी. तांदूर चालूच हाय, हवा बंद."

आम्ही पोचलो तोवर एक लॉट तसाच, काळ्या दाण्यांसकट, पोत्यांत भरून सरकारी गोदामाकडे निघून गेला होता. तिकडून तो नापास होऊन संध्याकाळी परत आला. ट्रक मिलच्या फाटकात उभा होता आणि शेठजी ट्रकशेजारी. "मास्टरजी, पूरे गोंदिया में हँसी हो गई मेरी. आपका कर्नल साहब छुट्टी पे था क्या?"

कर्नेल पडताना शेवटचं एक काम करतो. आपण कोणत्या फंक्शनमध्ये असताना पडलो, ते पडद्यावर लिहून ठेवतो. पडद्यावर मॅडमच्या ड्रायव्हरमधल्या फंक्शनचं नाव होतं.

दुसऱ्या दिवशी प्राचार्यांच्या केबिनमध्ये शेठजी, मिस्त्री, मॅडम आणि मी. प्राचार्यांनी विचारलं, "कोणाचा भाग बंद पडला?"

मी म्हणालो, "मेसेज तर ड्रायव्हरचा आहे."

वाक्य खरं होतं. तेव्हा मला खात्री नव्हती, पण शंका होती. पाखड धान म्हटल्याबरोबर मला मॅडमचा प्रश्न आठवला होता. तो मी बोलून दाखवला नाही.

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना वाटलं असणार, सरांनी तपासलं आहे. मग त्या शेठजींकडे वळून म्हणाल्या, "माझ्याकडून काहीतरी राहिलं असेल. माफ करा, शेठजी."

शेठजी नरमले. "अरे बेटी, ठीक है. पर अब मास्टरजी ही देखें." प्राचार्यांनी मान हलवली आणि डब्याचं काम त्या दिवसापासून माझ्या एकट्याकडे आलं.

रविवारी सकाळी कॉलेज रिकामं असताना मी लॅबमध्ये गेलो. खोटी यादी तयार केली, लांब, पाखड धानासारखी. ती माझ्या फंक्शनला दिली. यंत्र पडलं. पडद्यावर मॅडमच्या फंक्शनचं नाव. पुन्हा सुरू केलं, पुन्हा तसंच. मग त्यांचा ड्रायव्हर काढून तिथे दुसराच, काहीही न करणारा कोड ठेवला. यंत्र पडलं आणि पडद्यावर त्या बिचाऱ्या नव्या कोडचं नाव आलं. फळीशेजारी जो राहील त्याचं नाव येत होतं. माझं एकदाही आलं नाही.

मी उठून खिडकीशी गेलो. खाली पोरं क्रिकेट खेळत होती. मग खुर्चीवर येऊन ते फंक्शन बदललं. दाणा आला की तिथल्या तिथे निकाल लावायचा, मागे काही राखायचं नाही. दिसायला कुरूप, पण चालणारं. सोमवारी ते मिलमध्ये बसवलं. प्राचार्यांनी विचारलं, "झाला का ड्रायव्हर दुरुस्त?" मी म्हणालो, "झालं सर काम."

त्याच आठवड्यात मॅडम माझ्या टेबलाशी आल्या. डोळ्यांखाली काळं झालं होतं. आपला ड्रायव्हर ओळ न् ओळ वाचत होत्या, पॅसेंजरमध्येसुद्धा.

"सर, नेमकं कुठे चुकलं होतं माझं? मला सापडत नाही."

"सोडा ना आता. चालू आहे."

"नाही, पण मला कळायला पाहिजे ना."

"बघून सांगतो नंतर," मी म्हणालो. त्यांनी आणखी दोनदा विचारलं. नंतर विचारणं बंद केलं.

वर्षअखेरीला त्यांचा करार पुढे गेला नाही. कायम जागा दुसऱ्याला मिळाली. निवड समितीत कोणीतरी म्हणालं, "त्या मिलचा घोळ केला तीच ना बाई?" मी समितीत होतो. चहा थंड होत होता, तो मी प्यायलो. त्या जाताना सगळ्यांना भेटून गेल्या, मलाही. म्हणाल्या, "खूप शिकले सर तुमच्याकडून." मी त्यांना शुभेच्छा दिल्या.

निबंध छापून आला. बढती झाली. ते वाक्यही छापलं गेलं, चुकांचा एक संपूर्ण प्रकार नाहीसा होतो म्हणून. त्यानंतर मी त्या भाषेत मनापासून काही लिहिलं नाही. पोरांना शिकवायचो, पण रिकर्शनचा, म्हणजे तशाच टेलपर्यंत जाऊन मागे येणाऱ्या फंक्शनांचा तास आला की दुसऱ्या कोणाला तरी पाठवायचो. मिलमधून बोलावणं आलं की जायचो, डब्यावरची धूळ झटकायचो, परत यायचो. बायको विचारायची, "इतके काय थकता? बसूनच तर काम असते तुमचं." गप्प राहण्यातही अंग मोडतं, हे तिला कसं सांगणार?

अशी वर्षं गेली. मग एकदा शेठजींच्या मुलाचा फोन आला. नवीन सॉर्टर आला होता. "सर, वो पुराना डिब्बा ले जाओ. चलता तो अभी भी है, पर जगह नहीं है." मी रिक्षात घालून तो घरी आणला. पीठ नि कोंडा आत इतका शिरला होता, की झाकण काढलं तर नुसता तांदळाचा वास. तो तसाच चालत राहिला होता. मॅडमचा ड्रायव्हर पहिल्या दिवशीचा, एक अक्षर न बदललेला. इतकी वर्षं तो एकदाही पडला नव्हता. मी त्याच्यासमोर बसलो आणि मला लाज वाटली, तशी माणसांसमोर कधी वाटली नव्हती.

मॅडम दरेकसाजवळच्या एका शाळेत संगणक शिकवतात, हे एका जुन्या सहकाऱ्याकडून कळलं होतं. मी पॅसेंजर पकडली. आमगाव, सालेकसा, मग जंगल जवळ येतं आणि गाडी हळू होते. दरेकसाला माझ्याबरोबर उतरलेल्या बायका डोक्यावर ओझी घेऊन पायवाटेने निघून गेल्या. मी शाळा विचारत गेलो.

मॅडम व्हरांड्यात भेटल्या. केस थोडे पांढरे. "अरे! सर? इकडे कुठे? कोणाचं लग्न आहे का?"

पाणी दिलं. मी पाणी प्यायलो आणि उभ्यानेच सांगायला लागलो. मिल, पाखड धान, माझी यादी. अर्धंच सांगितलं असेल. त्यांचा हात वर आला.

"स्टॅक," त्या म्हणाल्या.

"हो."

"आणि माझं बफर त्याच्या बाजूच्याच जागेत."

"हो."

मागून मालगाडी जात होती. ती पूर्ण गेल्यावर त्यांनी विचारलं,

"तुम्हाला कधी समजलं?"

नंतर, असं म्हणता आलं असतं. "त्याच रविवारी," मी म्हणालो.

"मंग काऊन नाही सांगतलं?"

इतक्या वर्षांत त्या पहिल्यांदा माझ्याशी घरच्या बोलीत बोलल्या.

"निबंध निघायचा होता. आणि भीती वाटली."

"भीती." त्यांनी तो शब्द हातात घेऊन पाहिल्यासारखा उच्चारला. "नागपूरच्या कंपनीनं बलावलं होतं मले, ड्रायव्हर लिवाले. मी गेली नाही. मनलं, आपली चूक आपल्याच डोऱ्याले दिसत नाही, त दुसऱ्याची मशीन कायले बंद पाडाची? त्याच्यानंतर मी कर्नेलले हातच नाही लावला, सर. घरच्यायले वाटे, पोरगी आळशी झाली."

मी हात जोडायला गेलो.

"इथे नका," त्या म्हणाल्या, आणि आवाज पुन्हा शिक्षिकेचा झाला. "मी दरवर्षी पहिल्या तासाला पोरींना सांगते, की माझ्या चुकीनं एक मिल बंद पडली होती, म्हणून आपला कोड नीट वाचत जा. चार गावच्या पोरींना माहीत आहे ते. आता माझा तासच आहे. त्यांना सांगा. आणि नुसतं सांगू नका, शिकवा. पंधरा वर्षांच्या पोरींना समजेल असं."

"त्यांना स्टॅक माहीत आहे?"

"नाही. म्हणून तर."

संगणकाची खोली अरुंद होती. मुली चपला बाहेर काढून खाली बसल्या होत्या. मॅडम मागे, भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. मी खडू घेतला, फळ्यावर एक चौकट काढली, आणि पुढे काय लिहावं ते सुचेना. खडू ठेवला. पहिल्या मुलीला उभं केलं.

"तू तांदळाचा दाणा आहेस."

"चांगला की खराब, सर?"

"खराब."

वर्ग हसला. "पैलेच म्हनलं होतं मी!" कोणीतरी म्हणालं.

"तुझं काय करायचं ते मी आत्ता सांगणार नाही. आधी मागचीचं बघतो. पण तू बसायचं नाहीस. उत्तर मिळेपर्यंत उभं राहायचं." मग दुसरी उभी केली, तिलाही तेच सांगितलं. तिसरी, चौथी. खोली भरली. पुढची दारात आली. मी म्हणालो, अजून दाणे आहेत, पाखड धान आहे. मुली दारातून व्हरांड्यात गेल्या, व्हरांड्यातून शेजारच्या वर्गाच्या दाराशी.

"अवं सरक ना वं!"

"कुठी सरकू? चपलाच चपला हायेत इथी."

शेजारच्या वर्गातून मास्तरांचा आवाज आला, "कोन होय चपला तुडवनारी?" आणि दाराशी बसलेल्या त्यांच्याच एका मुलीला त्यांनी उभं केलं. तिने काही केलं नव्हतं. ती नुसती दाराशी बसली होती. आमच्या मुली तोंडावर ओढणी धरून हसायला लागल्या.

"बघा," मी म्हणालो, "रांग मी लावली. चपला माझ्या रांगेने तुडवल्या. ओरडा कोणाला बसला?"

"तिले," दारातली मुलगी म्हणाली. "ते बिचारी त बसूनच होती."

"तुम्ही काऊन नाही सांगत मंग त्या सरले?" पहिल्या मुलीने विचारलं. ती अजून उभी होती; तिला मी उत्तर दिलं नव्हतं.

मी बाहेर गेलो आणि त्या मास्तरांना सांगितलं की रांग माझी होती, तुमच्या मुलीला बसू द्या. ती बसली. मी परत आत आलो. मुली आपापल्या जागी बसल्या होत्या आणि आता हसत नव्हत्या. मॅडम तशाच भिंतीला टेकून होत्या.

मी म्हणालो, "तुमच्या मॅडम तुम्हाला सांगतात की त्यांच्या चुकीने एक मिल बंद पडली. तसं नाही झालं. रांग माझी होती. मॅडम फक्त दाराशी बसल्या होत्या. त्यांनी मला आधीच विचारलं होतं, रांग किती लांब जाते म्हणून, आणि मी ऐकलं नाही. नंतर मला कळलं तेव्हाही मी गप्प बसलो, आणि माझी माफी त्यांना मागू दिली." मग मी मागच्या भिंतीकडे पाहिलं. "मॅडम, तुमच्या ड्रायव्हरमध्ये चूक नव्हती. तो डबा परवापर्यंत चालत होता. ती माफी माझी होती. ती आज मागतो आहे. मला माफ करा."